"एग क्वालिटी" म्हणजे नेमकं काय? बीजांडाच्या विभाजनात कुठलं प्रोटीन काय करतं

पेशीवाली

वयावरच्या त्या दुसऱ्या धाग्यात बऱ्याच जणींनी लिहिलंय की डॉक्टर "एग क्वालिटी कमी आहे" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, मग घरी आल्यावर उशिरा लग्न केलंस, टेन्शन घेतेस, बाहेरचं खातेस असं सगळं त्या बाईलाच ऐकून घ्यावं लागतं. मी उंदराच्या बीजांडांवर काम करते आणि हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण क्वालिटी या एका शब्दाखाली जे दडलंय ते मायक्रोस्कोपखाली दिसतं, मोजता येतं आणि त्यातलं बरंचसं त्या बाईच्या हातात कधी नव्हतंच. म्हणून हा धागा. लांब होईल, पण सांभाळून घ्या.

आधी काळाचा हिशोब बघा. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या पेशी अर्धसूत्री विभाजन सुरू करतात. डीएनएची कॉपी होते, आईकडचं गुणसूत्र आणि वडिलांकडचं गुणसूत्र जोडीनं येतात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि मग सगळं मध्येच थांबतं. गर्भ पाच महिन्यांचा असताना अशा ६०-७० लाख पेशी असतात, जन्मापर्यंत १०-२० लाख राहतात, पाळी सुरू होईपर्यंत ३-४ लाख, आणि त्यातल्या फक्त ४००-५०० आयुष्यभरात बाहेर पडतात. म्हणजे ३८व्या वर्षी जे बीजांड सुटतं ते ३८ वर्षांहून जास्त काळ अर्ध्या विभाजनात थांबलेलं असतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या पेशीला विभाजनाच्या मध्यावर इतकं थांबावं लागत नाही.

हे थांबणं आपोआप होत नाही, ते सतत राखावं लागतं. १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमन यांनी सशाची बीजांडं फॉलिकलमधून (अंडाशयात ज्या पिशवीत बीजांड वाढतं ती) काढून नुसती बाहेर ठेवली तर ती स्वतःहून पुढे सरकली, म्हणजे थांबवणारं काहीतरी बाहेरून येत होतं. ते काय हे कळायला पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली. बीजांडात सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भरपूर असतो (तो बीजांड स्वतःच बनवतं, जीपीआर३ नावाच्या रिसेप्टरच्या मदतीनं), आणि तो जास्त आहे तोवर सीडीके१ हे विभाजनाचं मुख्य एन्झाइम झोपून राहतं. हा एएमपी तोडणारं पीडीई३ए सुद्धा बीजांडातच असतं, पण भोवतीच्या ग्रॅन्युलोसा पेशी सायक्लिक जीएमपी बनवून तो बारीक बारीक जोडनळ्यांतून आत पाठवत राहतात आणि तो पीडीई३एला काम करू देत नाही. पाळीच्या मध्यावर मेंदूकडून एलएच हार्मोन एकदम वाढतं, ग्रॅन्युलोसा पेशींतला जीएमपी घसरतो, नळ्या बंद होत जातात, पीडीई३ए मोकळं होतं, एएमपी पडतो, सीडीके१ जागं होतं आणि काही तासांत बीजांडाच्या केंद्रकाचं आवरण विरघळतं. इतकी वर्षं थांबलेलं काम इथून पुढे दीड दिवसात उरकायचं असतं.

आज इथेच थांबते, प्रश्न आले की पुढचं लिहीन.

सह्याद्रीवारा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. सीडीके१ म्हणजे तेच का ज्याच्यावर २००१ चं नोबेल होतं?

पेशीवाली

हो तेच. हार्टवेल, हंट आणि नर्स. पण बीजांडवाल्यांच्या मनात पहिलं नाव येतं योशिओ मासुई यांचं. १९७१ मध्ये त्यांनी क्लेमेंट मार्कर्टबरोबर बेडकाच्या पिकलेल्या अंड्यातला थोडा रस सुईनं न पिकलेल्या अंड्यात घातला आणि ते अंडं पिकायला लागलं. रसात जे काही होतं त्याला त्यांनी एमपीएफ म्हटलं, आणि ते सीडीके१ अधिक सायक्लिन बी अशी जोडी आहे हे कळायला जवळजवळ १९९० उजाडलं. नोबेलच्या यादीत मासुई नव्हते, लास्कर पुरस्कार मात्र १९९८ मध्ये हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर मिळाला. मला स्वतःला तो प्रयोग फार आवडतो, साधी सुई आणि बेडकाचं अंडं एवढंच सामान आणि त्यातून प्रत्येक पेशी कधी विभागते याचं उत्तर हाती आलं.

एम्ब्रियो_नाशिक

ताई छान लिहिताय. मी आयव्हीएफ लॅबमध्ये आहे म्हणून थोडी भर घालतो. आम्ही पेशंटला रात्री ठरलेल्या वेळी ट्रिगरचं इंजेक्शन घ्यायला सांगतो, मिनिटाचाही गोंधळ नको म्हणून दोनदा फोन करतो, आणि पिकअप, म्हणजे बीजांडं बाहेर काढणं, ३४ ते ३६ तासांनी करतो. पेशंटला वाटतं ही हॉस्पिटलची शिस्त आहे, पण तुम्ही वर लिहिलेल्या घटनांचंच ते घड्याळ आहे. ट्रिगरचं एचसीजी हे एलएचचं काम करतं, त्याआधी काढलं तर बीजांड अर्धं कच्चं, उशीर झाला तर फॉलिकल फुटून गेलेलं. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये लॅन्सेटमध्ये माणसाची बीजांडं बाहेर पिकवून हा वेळ मोजला होता, तेरा वर्षांनी १९७८ मध्ये लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

पिकअपनंतर भोवतीच्या पेशी काढून आम्ही बघतो आणि तीन गट करतो. केंद्रक अजून दिसतंय ते जीव्ही, केंद्रक गेलंय पण पोलर बॉडी (विभाजनात बाहेर टाकलेली छोटी पेशी) नाही ते एमवन, आणि एक छोटी पोलर बॉडी बाहेर पडलीय ते एमटू. इक्सी, म्हणजे शुक्राणू सुईनं थेट बीजांडात सोडणं, फक्त एमटूमध्ये होते. १५ बीजांडं निघाली आणि १० एमटू आली तर चांगलंच म्हणायचं.

परळकर

मुंबईकर म्हणून नोंदवतो, ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली तेव्हा डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांनी मिळून ते केलं होतं. त्याआधी कोलकात्यात १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. सुभाष मुखर्जींनी दुर्गाला जन्माला घातलं, पण त्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही आणि आनंद कुमारांनीच पुढे त्यांची कागदपत्रं बघून जाहीरपणे सांगितलं की पहिले ते होते. हे अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

लातूरचे_मास्तर

मी बारावीला बायो शिकवतो. पुस्तकात विभाजनाचं चित्र म्हणजे दोन टोकांना तंतू धरणारे सेंट्रिओल, मधे तंतू, तंतूंना गुणसूत्रं. आमच्या एका मुलीनं विचारलं की सर, अंडं इतकं मोठं आणि पोलर बॉडी इतकी छोटी, मग तंतू मध्यावर असतील तर समान भाग का होत नाहीत? मी तिला सांगितलं विचारून सांगतो. ताई तुम्हीच सांगा.

पेशीवाली

सर, तिला माझा नमस्कार सांगा, फार मोठा प्रश्न विचारलाय. उत्तराचे दोन भाग.

पहिला भाग, ते चित्र बीजांडाला लागूच होत नाही. बीजांडात सेंट्रिओल नसतात, वाढीच्या काळातच ते नाहीसे होतात. तरीही मायक्रोट्यूब्यूलचं, म्हणजे गुणसूत्रं ओढणाऱ्या त्या तंतूंचं, स्पिंडल उभं राहतंच, पण वेगळ्या रीतीनं. उंदरात मेलिना शू आणि यान एलनबर्ग यांनी २००७ मध्ये दाखवलं की तंतू तयार करणारे ८० च्या वर छोटे छोटे ठिपके सगळीकडून गोळा होतात आणि त्यातून दोन टोकं तयार होतात. माणसात उंदरासारखे असे ठिपके दिसत नाहीत. माणसाच्या बीजांडात गुणसूत्रांभोवतीच रॅन नावाचं प्रोटीन जीटीपीला जोडलेल्या रूपात साठतं आणि त्यामुळे तंतू गुणसूत्रांपासूनच वाढायला लागतात, हे काम अतिशय सावकाश चालतं, १६ तासांच्या आसपास. उंदरात त्याहून खूपच कमी वेळ लागतो आणि शरीरातल्या साध्या पेशीत तर अर्ध्या तासात होऊन जातं.

दुसरा भाग तिच्या प्रश्नाचा. स्पिंडल तयार होतं ते मध्याच्या जवळपासच, पण नंतर ते सरकत सरकत कडेला जातं. सरकवतं कोण तर ॲक्टिन, पेशीतलं धागे बनवणारं प्रोटीन. फॉर्मिन-२ आणि स्पायर ही दोन प्रोटीन्स मिळून सगळ्या बीजांडभर ॲक्टिनचं विरळ जाळं विणतात आणि त्या जाळ्याच्या हालचालीनं स्पिंडल कडेकडे ढकललं जातं. २००२ मध्ये फॉर्मिन-२ नसलेल्या उंदरांच्या माद्या तयार केल्या तेव्हा त्यांचं स्पिंडल मध्यावरच बसून राहिलं, पोलर बॉडी नीट निघेना आणि पिल्लं फार कमी झाली. कडेला जाण्यामागचं कारण सरळ आहे, गर्भाला पहिले काही दिवस लागणारा सगळा साठा याच एका पेशीत आहे, तो दोघांत वाटला तर कुणालाच पुरणार नाही, म्हणून नको असलेली गुणसूत्रं कमीत कमी रसासकट बाहेर टाकायची.

लातूरचे_मास्तर

उद्याच वर्गात सांगतो. आभार.

गोठा_ते_लॅब

मी पशुवैद्यक, गायी-म्हशींच्या ओपीयू (जिवंत जनावरातून सुईनं बीजांडं काढणं) आणि आयव्हीएफमध्ये आहे. आमच्याकडे कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयातली बीजांडं २२-२४ तास पिकवतात, बरीचशी एमटूला पोहोचतात, गुणसूत्रांच्या चुका माणसापेक्षा कमी म्हणतात. गायीलाही सेंट्रिओल नसतात ना? मग फरक कशानं?

पेशीवाली

हाच प्रश्न घेऊन गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत मेलिना शूंच्या गटानं काम केलंय. आधी २०१५ मध्ये त्यांनी केंब्रिजला असताना उपचारातून उरलेली, म्हणजे इक्सीला चालणार नाहीत अशी १०० पेक्षा जास्त मानवी बीजांडं संमतीनं घेऊन त्यांचं चित्रण केलं होतं आणि त्यात दिसलं की माणसाचं स्पिंडल तयार झाल्यावरही स्थिर राहत नाही, टोकं फाकतात, कधी दोनाची तीन होतात, पुन्हा जुळतात, आणि या गडबडीत गुणसूत्रं चुकीच्या बाजूला बांधली जातात. मग २०२२ मध्ये त्यांनी उंदीर, गाय, डुक्कर आणि माणूस यांची तुलना केली. गाय आणि डुक्कर यांचं स्पिंडल स्थिर. फरक सापडला तो केआयएफसी१ या मोटर प्रोटीनमध्ये. हे प्रोटीन शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांशी बांधून ठेवतं, बाकीच्यांच्या बीजांडात ते आहे, माणसाच्या बीजांडात जवळपास नाहीच. त्यांनी उंदराच्या आणि गायीच्या बीजांडातून ते काढलं तर स्पिंडल माणसासारखं डळमळायला लागलं, आणि माणसाच्या बीजांडात बाहेरून घातलं तर स्थिर झालं आणि चुका कमी झाल्या.

मला हे वाचलं तेव्हा वाटलं, हे प्रत्येक आयव्हीएफच्या वेटिंग रूममध्ये लिहून लावायला पाहिजे. तरुण, निरोगी, सगळं वेळेवर खाणाऱ्या-पिणाऱ्या बाईच्या बीजांडातही ही अस्थिरता असते. आपल्या प्रजातीतच ते प्रोटीन कमी आहे.

निशिगंधा_पुणे

ताई, मी ३९ वर्षांची आहे, दोन आयव्हीएफ फेल गेलेत. तुम्ही म्हणताय तरुण बाईतही अस्थिरता असते, मग वयाचं काय? वय वाढल्यावर वेगळं काय होतं? आणि मला सासूबाईंपासून डॉक्टरांपर्यंत सगळे काही ना काही खायला सांगतात, कोक्यूटेन, डीएचईए, शतावरी. त्यानं खरंच ते सुधारतं का?

पेशीवाली

निशिगंधा, तू विचारलंस ते बरं केलंस, खरं तर या धाग्याचा गाभाच हा आहे त्यामुळे नीट लिहिते.

गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र राहतात त्या कोहेसिन नावाच्या प्रोटीनमुळे. ते कड्याच्या आकाराचं असतं, दोन दोऱ्यांवर मिळून बांगड्या चढवाव्यात तशी ही कडी दोन डीएनए धाग्यांभोवती बसलेली असतात. बीजांडातल्या कोहेसिनमध्ये रेक८ हा खास भाग असतो. आता महत्त्वाचं. ही कडी चढवली जातात ती डीएनएची कॉपी होताना, म्हणजे तू तुझ्या आईच्या पोटात असताना. त्यानंतर नवीन चढत नाहीत. हे अंदाजानं म्हटलेलं नाही, किकुए ताचिबाना आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑक्सफर्डला असताना उंदरात तपासलं, नंतर २०१६ मध्ये व्हिएन्नात जन्माआधी चढलेलं रेक८ महिनोन् महिने तसंच राहतं आणि त्याच्या जागी नवीन येत नाही हेही दाखवलं. त्याच २०१० साली दोन वेगळ्या गटांनी म्हाताऱ्या उंदरांच्या बीजांडात मोजलं तर गुणसूत्रांवरचं रेक८ खूपच कमी झालेलं होतं. म्हणजे वर्षानुवर्षं एकेक कडं गळत जातं आणि भरपाई होत नाही.

यात आणखी एक प्रोटीन आहे, शुगोशिन-२. पहिल्या विभाजनात सेपरेज नावाचं एन्झाइम गुणसूत्रांच्या हातांवरची कडी कापतं म्हणून जोड्या सुटतात, पण मधल्या सेंट्रोमिअरवरची कडी तेव्हा कापायची नसतात, ती दुसऱ्या विभाजनापर्यंत टिकायला हवीत. शुगोशिन तिथे पीपी२ए नावाचं एन्झाइम आणून ठेवतं आणि त्यामुळे सेपरेजला तिथलं रेक८ कापता येत नाही. वयाबरोबर हे शुगोशिनही कमी होतं. मग जोडी वेळेआधीच सुटते, एकटं पडलेलं गुणसूत्र कुठल्याही बाजूला जातं, आणि बीजांडात २३ ऐवजी २२ किंवा २४ येतात. बहुतेक वेळा असा गर्भ रुजत नाही किंवा सुरुवातीलाच पडतो. २१वं गुणसूत्र जास्तीचं आलं तर डाउन सिंड्रोम, आणि त्यातल्या सुमारे ९० टक्के वेळा ते जास्तीचं गुणसूत्र बीजांडाकडून आलेलं असतं. आईचं वय २५ असताना साधारण १२०० बाळांत १, ३५ ला ३५० त १, ४० ला १०० त १, या चढामागचं एक मोठं कारण ही कडी आहेत.

आता गोळ्या. कोक्यूटेन मायटोकॉन्ड्रियासाठी आहे, म्हाताऱ्या उंदरांत त्याचा फायदा दिसलाय, माणसातले अभ्यास छोटे आहेत. तुझ्या डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यांच्याशी बोलूनच चालू-बंद कर. पण गळलेलं कोहेसिन परत चढवणारी गोळी, काढा, पथ्य आज जगात कुठेही नाही. कुणी तसं सांगून पैसे घेत असेल तर देऊ नकोस. आणि दुसरी बाजूही ऐक, तू दहा वर्षांपूर्वी काही वेगळं खाल्लं असतंस म्हणून ती कडी जास्त राहिली असती असं दाखवणारं काहीही नाही. (सिगरेटनं अंडाशयाचं नुकसान होतं हे खरं, ते सिद्ध आहे.)

निशिगंधा_पुणे

हे मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. धन्यवाद एवढंच म्हणते.

सह्याद्रीवारा

पण पेशीत तपासणीची यंत्रणा असते ना, सगळी गुणसूत्रं नीट बांधली गेल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी? ती काय करते मग?

पेशीवाली

असते, मॅड२, बबआर१, एमपीएस१ अशी प्रोटीन्स ते काम करतात. एखादं गुणसूत्र तंतूला बांधलेलं नसेल तर ती एपीसी नावाच्या, प्रोटीन मोडायला लावणाऱ्या यंत्राला रोखतात, एपीसी रोखलं की सायक्लिन बी आणि सेपरेजला बांधून ठेवणारं सेक्युरिन शाबूत राहतात आणि सेपरेज बंद राहतं. साध्या पेशीत एक जरी गुणसूत्र मोकळं असलं तरी गाडी थांबते. बीजांडात मात्र एकदोन गुणसूत्रं नीट रांगेत नसली तरी बऱ्याचदा पुढे जाऊ दिलं जातं. त्याचं एक कारण आकार. माणसाचं बीजांड एक दशांश मिलिमीटरहून थोडं मोठं, आणि थांबा म्हणणारा सिग्नल निघतो एका इवल्या गुणसूत्रावरून, तो एवढ्या रसात विरळ होतो. कोबेच्या रिकेन संस्थेत २०१७ मध्ये उंदराच्या बीजांडातला अर्धा रस काढून टाकला तर तपासणी जास्त कडक झाली. म्हणजे गर्भाला पोसायला जो मोठा आकार हवा त्याचीच ही किंमत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कारण यावर उपाय म्हणून आकार कमी करता येत नाही.

एम्ब्रियो_नाशिक

निशिगंधाताई, पुढच्या सायकलला रिपोर्टमध्ये जीव्ही, एमवन, एमटू असे आकडे वेगवेगळे मागा, तो तुमचा हक्क आहे. कारण सगळ्या केसेस वयाच्या नसतात. आम्ही असे पेशंट बघतो जिथे वय २६-२७, बीजांडं भरपूर, आणि प्रत्येक वेळी सगळीच्या सगळी एमवनला अडकलेली. २०१६ मध्ये चीनच्या गटानं अशा कुटुंबांत टीयूबीबी८ या जीनमधले बदल शोधले, त्यातून बनणारं ट्युब्युलिन, म्हणजे तंतूंचं प्रोटीन, माणसाच्या बीजांडातल्या स्पिंडलचं मुख्य ट्युब्युलिन आहे, तेच बिघडलं तर स्पिंडल होणार कसं. सगळी जीव्हीलाच अडकत असतील तर पीएटीएल२ बघतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा तीच इंजेक्शनं देण्यापेक्षा जेनेटिक टेस्ट करून स्पष्ट सांगणं बरं, पैसा आणि मन दोन्ही वाचतं.

गोठा_ते_लॅब

केआयएफसी१ घालून स्पिंडल सुधारलं म्हणालात, मग ते क्लिनिकमध्ये का देत नाहीत?

पेशीवाली

ते संशोधनापुरतं आहे, गर्भासाठी वापरलेलं नाही. बाहेरून एमआरएनए किंवा प्रोटीन घातलेल्या बीजांडापासून झालेलं मूल पुढे कसं असेल याची खात्री व्हायला खूप काम बाकी आहे, आणि प्रोटीनचं प्रमाण जरा जास्त झालं तरी स्पिंडल बिघडू शकतं. घाई करू नये असंच मला वाटतं.

लातूरचे_मास्तर

मुलीला सांगितलं, खूश झाली. तिचा पुढचा प्रश्न, बीजांड एमटूला पुन्हा थांबतं ते कशामुळे, आणि शुक्राणू आल्यावर त्याला कळतं कसं?

पेशीवाली

दुसऱ्यांदा थांबवणारं प्रोटीन ईएमआय२. ते एपीसीला धरून ठेवतं त्यामुळे सायक्लिन बी टिकतं आणि सीडीके१ चालू राहून पेशी एमटूलाच उभी राहते. ईएमआय२ला टिकवायला मॉस हे प्रोटीन मदत करतं. १९९४ मध्ये मॉस नसलेल्या माद्या तयार केल्या तेव्हा त्यांची बीजांडं शुक्राणूशिवायच पुढे विभागायला लागली आणि काहींच्या अंडाशयात गाठी झाल्या, म्हणजे हे थांबणं किती गरजेचं आहे बघा.

शुक्राणू आत येतो तो पीएलसी झीटा नावाचं एन्झाइम घेऊन. त्यानं बीजांडात कॅल्शियमच्या लाटा उठतात, एकामागून एक, तासनतास. त्या लाटांनी कॅमकेटू जागं होतं, ते ईएमआय२वर खूण करतं, मग ईएमआय२ नष्ट होतं, एपीसी सुटतं, सेंट्रोमिअरवरची उरलेली कोहेसिनची कडी कापली जातात आणि दुसरी पोलर बॉडी बाहेर पडते.

एम्ब्रियो_नाशिक

यालाच जोडून, इक्सी करूनही एकही बीजांड फर्टिलाइज होत नाही अशा काही जोडप्यांत शुक्राणूतलं पीएलसी झीटाच सदोष असतं. तिथे आम्ही इक्सीनंतर बीजांडं थोडा वेळ कॅल्शियम आयोनोफोरमध्ये ठेवतो, कॅल्शियम बाहेरून वाढतं आणि काही जणांत फर्टिलायझेशन होतं. सगळ्यांसाठी नाही, आधी फेल्युअर झालेल्यांसाठीच. मास्तर, त्या मुलीला सांगा की इथे दोष बीजांडाचा नसतो.